तीनशे किलोचा सिंह? आधी पावती दाखव!

सोलापुरात हैदराबाद रोडला मार्केट यार्डाच्या जवळ माझा भुईकाटा आहे, साठ टनी. वीस-बावीस वर्षं झाली, दिवसभर एकच काम, भरलेली गाडी घ्या, रिकामी गाडी घ्या, वजाबाकी करा, पावती फाडा. कांद्याच्या सीझनला तर रात्री बारा-बारापर्यंत लाईन असते आणि प्रत्येक ड्रायव्हरचं एकच म्हणणं, मालक मागच्या काट्यावर वेगळं आलं होतं. त्यामुळं वजनाच्या बाबतीत माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही, धंद्यानं लागलेला रोग आहे म्हणा.

परवा पुतण्यानं घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. गीरचा सिंह रस्त्यानं चाललाय आणि खाली लिहिलंय 'वजन ३०० किलो, लांबी १२ फूट'. मी लिहिलं, पावती कुठाय? सगळ्यांनी हसायचे इमोजी टाकले, पण मी खरंच विचारत होतो. २०२४ च्या डिसेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याकडचा वाघ चालत चालत धाराशिवच्या येडशीला आला आणि मग आपल्या बार्शीच्या शिवारात फिरत होता, तेव्हा पण हाच प्रकार. वाघाला कुणी हातसुद्धा लावला नव्हता पण वजन सगळ्यांना माहीत, एका चहाच्या गाड्यावर अडीचशे किलो, दुसऱ्या गाड्यावर साडेतीनशे.

म्हणून म्हटलं जंगलातला सिंह नेमका मोजतात कसा आणि त्यात कुठं कुठं माती खातात ते एकदा नीट लिहून काढू. तुम्ही काय सिंह मोजायला जाणार नाही, मी पण नाही. पण असा आकडा पुढं आला की तो पाखडायचा कसा ते कळेल, आणि शेवटी घरच्या जनावरावर करून बघण्यासारखं पण दिलंय.

पायरी १: आधी अंदाज डोक्यात बसवा

काट्यावर ट्रक चढायच्या आधीच मला साधारण माहीत असतं की ह्यात किती भरलेलं असणार. आकडा त्याच्या लांब आला तर मी आधी काट्याकडं बघतो, मग गाडीकडं. सिंहाचं पण तसंच करायचं.

गीरचा पूर्ण वाढलेला नर साधारण १६० ते १९० किलो, मादी ११० ते १२०. पूर्व आफ्रिकेतले नर सरासरी १७५ च्या आसपास आणि दक्षिणेकडं झिम्बाब्वे, कालाहारी, क्रुगर ह्या भागात सरासरी १८५ पासून २२५ पर्यंत जाते. नराची नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी १८४ ते २०८ सेंटीमीटर धरा, वर शेपूट ८२ ते ९३. म्हणजे सगळं मिळून जास्तीत जास्त तीन मीटरच्या आसपास. गीरच्या सिंहाची जास्तीत जास्त नोंदलेली लांबी शेपटीसकट २.९२ मीटर आहे. १२ फूट म्हणजे ३६६ सेंटीमीटर होतात, मग त्या व्हिडिओतल्या सिंहाला वरचे ७४ सेंटीमीटर कुठून आणून जोडले?

३०० किलोबद्दल मात्र जरा जपून बोलतो, कारण गिनीजमध्ये ३१३ किलोच्या सिंहाची नोंद आहे, १९३६ साली दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवालमधल्या हेक्टरस्प्रुइटजवळ मारलेला. पण तो रेकॉर्ड आहे, रेकॉर्ड म्हणजे अपवाद. अपवाद दाखवून 'सिंह ३०० किलोचा असतो' म्हणणं म्हणजे गावात एक जण साडेसहा फुटी निघाला म्हणून सगळ्यांना साडेसहा फुटी पायजमे शिवण्यासारखं आहे. आणि जुन्या नोंदी बघताना आणखी एक करा, किलोचे पौंड करून बघा. २२७ किलो म्हणजे बरोब्बर ५०० पौंड, १८१ म्हणजे ४००. असा गोल आकडा निघाला की माझ्या मनात पहिली शंका येते की हा काट्यावर आलाय का तोंडातून आलाय.

पायरी २: सिंह काट्यावर आलाच कसा ते विचारा

ही गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. गुजरातमध्ये २०२५ च्या गणतीत ८९१ सिंह मोजले. मोजले, तोलले नाहीत. मोजणं म्हणजे बघून नोंद करणं, तोलणं म्हणजे जनावर बेशुद्ध पाडून उचलणं, आणि नुसतं वजन बघायचंय म्हणून कुणी सिंहाला बेशुद्ध करत नाही, करू पण नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात सिंह पहिल्या अनुसूचीत, मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय त्याला पकडता येत नाही. बेशुद्धीच्या औषधात जिवाला धोका असतोच.

मग वजन होतं कधी? गळ्यात रेडिओ कॉलर घालायचाय, जखम झालीय, विहिरीत पडलाय, वस्तीत घुसलाय म्हणून हलवायचाय, अशा वेळी सिंह हाताखाली आलेलाच असतो म्हणून काटा लावून घेतात. सासण किंवा जसाधारच्या रेस्क्यू सेंटरला आणतात त्यातले बरेच उपचारासाठीच आलेले असतात. आता सांगा, दवाखान्यात आलेल्या माणसांची वजनं घेऊन गावाची सरासरी काढली तर ती बरोबर येईल का? आजारी सिंह हडकलेला असणार.

उलटी गंमत आफ्रिकेत. क्रुगरमध्ये १९७० च्या दशकात सिंह पकडायची पद्धत अशी होती की मेलेलं जनावर आमिष म्हणून बांधायचं, टेपवर आवाज वाजवून सिंहांना बोलवायचं आणि खायला बसले की औषधाचा डार्ट मारायचा. म्हणजे काट्यावर आलेला प्रत्येक सिंह जेवणाच्या पंगतीतून उठवून आणलेला. एकीकडं उपाशी आजारी, एकीकडं पोट भरलेला. दोन्ही आकडे खरे असतील पण ते शेजारी शेजारी मांडून आफ्रिकेचा मोठा का गीरचा मोठा असं भांडायला लागलात तर मग झालंच.

पिंजऱ्यातल्या, प्राणिसंग्रहालयातल्या सिंहाचं वजन तर ह्या हिशोबात घेऊच नका. बसून खाणारा जीव आहे तो.

पायरी ३: बारदान वजा करा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, बाकीच्या विसरलात तरी चालेल.

यार्डात पोत्याचं वजन झालं की बारदान, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, वजा करतात, नाहीतर शेतकरी आणि व्यापारी दोघं एकमेकांच्या गळ्यात पडतात. सिंहाचं बारदान म्हणजे त्याचं पोट. एका बैठकीत सिंह ३० किलोपर्यंत मांस खाऊ शकतो आणि मग दोन-दोन, तीन-तीन दिवस नुसता लोळत पडतो. म्हणजे तोच सिंह, तेवढीच हाडं, सोमवारी १७५ आणि मंगळवारी २०५. ह्यातलं खरं कुठलं? दोन्ही खरंच आहेत, फक्त दुसऱ्यात अर्धं हरीण पण तोललं गेलंय.

मी हे स्वतः करून बघितलंय, सिंहावर नाही, मेव्हण्याच्या खिलार बैलावर. मंगळवेढ्याकडं त्याची शेती आहे, बैल टेंपोत घालून इकडं डॉक्टरला दाखवायला आणला होता, म्हटलं आणलाच आहेस तर काट्यावर घे. सकाळी आला तेव्हा बैल रात्रीपासून तसाच होता, वैरण नाही पाणी नाही. ४३० किलो. मग काट्यामागच्या लिंबाखाली बांधला, पुढं कडबा टाकला, पाण्याचं टिपाड ठेवलं. उन्हाचे दिवस, तो भसाभसा प्यायला, दुपारपर्यंत कडब्याच्या चार-पाच पेंढ्या संपवल्या. परत घेतला, ४६० किलो. मेव्हणा म्हणतो दाजी तुमचा काटा खराब आहे. म्हटलं काटा नाही रे, तुझा बैल खराब आहे, सकाळचा बैल आणि दुपारचा बैल एक नाहीत. वर आणि तो काट्यावरच मुतला, तेव्हा आकडा बघायला पाहिजे होता पण आम्ही हसत बसलो.

शेळ्या-बोकडांच्या बाजारात जाणाऱ्याला हे सांगायला नको, किलोवर विकायचं असलं की आदल्या रात्री मीठ चारतात आणि सकाळी पोटभर पाणी पाजतात. सिंहाला कुणी मीठ चारत नाही पण परिणाम तोच.

मग अभ्यास करणारे काय करतात? सिंहाच्या पोटाला नंबर देतात. बाजूनं बघायचं, बरगडीच्या मागची खळगी किती खोल आहे, पोट किती खाली आलंय, आणि १ ते ५ मध्ये एक नंबर लिहायचा. टांझानियातल्या सेरेंगेटीत काम केलेल्या बर्ट्रॅम नावाच्या शास्त्रज्ञानं १९७५ मध्ये सिंहांच्या वजनमापांवर एक छोटासा लेखच लिहिला होता, त्यात हा पोटाचा प्रश्न त्यानं नीट धरलाय. तर वजनाशेजारी पोटाचा नंबर लिहिलेला नसेल तर ते वजन म्हणजे बारदानासकटचं समजायचं. गीरच्या सिंहाला बघताना अजून एक घोळ, त्याच्या पोटाखाली कातडीची लांब घडी लोंबत असते, उपाशी सिंहाला पण असते. आपल्यासारख्या नवख्याला वाटतं पोट टम्म आहे.

मादी असेल तर गाभण आहे का ते पण लिहायचं. हे वेगळं सांगायला नको.

पायरी ४: काटा कुठला होता

आता माझ्या घरचा विषय. पुतण्या म्हणाला, काका सिंह तुझ्या काट्यावर आणला तर? म्हटलं आण, पण काट्याची पाटी वाच आधी. माझ्या काट्याची पायरी १० किलोची आहे, म्हणजे आकडा १८० दाखवेल नाहीतर १९०, मधलं काही नाही. आणि पाटीवर कमीत कमी वजन २०० किलो लिहिलंय. ह्या जातीच्या काट्याला पायरीच्या वीसपट हा खालचा नियम असतो, त्याच्या खालच्या वजनाला काटा जबाबदार नाही. म्हणजे गीरचा सिंह माझ्या काट्यावर कायद्यानं बसतच नाही! वर काटा तपासून पास करायला येणारे सरकारी साहेब सुद्धा त्या भागात ५ किलो इकडं-तिकडं चालवून घेतात, ट्रकला त्यानं काय फरक पडतोय, पण सिंहाला पडतो. ऊस घालून काटामारीचा अनुभव घेतलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला वजन म्हटलं की 'कुठल्या काट्यावर' हा प्रश्न शिकवावा लागत नाही, सिंहाच्या वेळी तेवढा विसरतात.

जंगलात दोन पद्धती. एक, पिंजऱ्यासकट प्लॅटफॉर्म काट्यावर ठेवायचं आणि पिंजरा वजा. ही रेस्क्यू सेंटरमध्ये जमते. पण रिकामा पिंजरा त्याच दिवशी, त्याच काट्यावर तोलायला पाहिजे, पिंजऱ्यावर रंगवून ठेवलेला जुना आकडा धरायचा नाही. पिंजऱ्यात चिखल असतो, पाणी असतं, खाली लाकडी फळी टाकलेली असते आणि ती ओली झाली की जड होते. ट्रकवाल्यांचं पण हेच असतं, रिकामी गाडी घ्यायच्या वेळी टाकी अर्धी आणि भरलेली घ्यायच्या वेळी फुल.

दुसरी पद्धत उघड्यावरची. बेशुद्ध सिंह ताडपत्रीच्या किंवा जाळीच्या स्ट्रेचरवर घ्यायचा, स्ट्रेचर हुकाच्या काट्याला अडकवायचं आणि काटा एका आडव्या बांबूला नाहीतर लोखंडी तिकाटण्याला. सहा-आठ माणसं बांबू खांद्यावर घेऊन उठतात. ऐकायला सोपं वाटतं, पण इथं काय काय होतं बघा:

शेपूट किंवा मागचा पाय जमिनीला टेकलेला राहतो, काही किलो तिथंच गेले. एखादा माणूस काळजीनं सिंहाचं डोकं हातानं धरून ठेवतो, डोकं जड असतं, ते पण गेलं. उलट कुणीतरी तोल जाऊन स्ट्रेचरलाच लोंबकळतो, मग वाढलं. झोका थांबायच्या आधीच कुणीतरी आकडा वाचतो. सुरुवातीला रिकामं स्ट्रेचर लावून काटा शून्य केलेलाच नसतो. आणि स्प्रिंगचा जुना काटा असेल तर त्याची स्प्रिंग किती वर्षं ओढली गेलीय ते देवाला माहीत.

म्हणून नियम असा ठेवायचा: आधी ओळखीच्या वजनानं काटा तपासा, पन्नास किलोचं सिमेंटचं नवं पोतं पण चालेल. मग रिकामं स्ट्रेचर, शून्य. मग सिंह, सगळं जमिनीपासून सुटलंय का ते एकानं खाली वाकून बघायचं, त्याला दुसरं काम द्यायचं नाही. झोका थांबला की वाचा, खाली ठेवा, परत उचला. तीनदा. तीन आकडे आले तर तिन्ही लिहा, आवडला तो ठेवून बाकीचे खोडायचे नाहीत.

पण ह्या सगळ्याला वेळ किती आहे? औषधाचा अंमल असेपर्यंतच. त्यात डॉक्टरचं काम आधी. डार्ट लागल्यावर जनावर पडायला वेळ लागतो, मग डोळ्यांना पट्टी, कारण बेशुद्धीत डोळे उघडेच राहतात आणि बुबुळ कोरडं पडतं, म्हणून मलम पण घालतात. श्वास बघायचा, अंगाचा ताप सारखा बघायचा. उन्हात हे करत नाहीत, पहाटे नाहीतर संध्याकाळी, अंग तापलं तर पाणी मारावं लागतं. आपल्याकडच्या मे महिन्यासारख्या उन्हात सिंह टेपनं मोजत बसलात तर वजन राहील आणि सिंह जाईल. डॉक्टर म्हणाला पुरे, की पुरे. वहीत रकाना रिकामा राहिला तरी चालेल.

मेलेल्या सिंहाचं वजन सोपं असं वाटतं, पण रक्त वाहून गेलेलं असतं, आणि जुन्या शिकाऱ्यांकडं एवढा मोठा काटा नसला की ते तुकडे करून तोलायचे, त्यात सांडलं ते सांडलं. यार्डात मालाची तूट म्हणून कडता कापतात तसंच.

पायरी ५: टेप कुठून कुठपर्यंत

वजनात चूक नकळत होते, लांबीत मुद्दाम करता येते, हा माझा अनुभव. प्लॉटची मोजणी आठवा.

सिंहाची लांबी घ्यायच्या दोन रीती आहेत. पहिली, दोन खुंट्यांची. सिंह कुशीवर सरळ झोपवायचा, मान सरळ, नाकाच्या शेंड्याला एक खुंटी, शेपटीच्या टोकाला दुसरी, आणि सिंह बाजूला ठेवून दोन खुंट्यांमधलं सरळ अंतर घ्यायचं. दुसरी रीत म्हणजे अंगावरून टेप, नाकावरून कपाळावर, मानेवरून, पाठीच्या चढउतारावरून शेपटीपर्यंत दाबत न्यायची. दुसरीत आकडा मोठाच येणार, घाटातला रस्ता आणि पक्षी उडतो ते अंतर ह्यात जेवढा फरक तेवढा. त्यात माणूस बदलला की आकडा बदलतो, कारण कुणी टेप खळग्यात दाबतो, कुणी वरून सोडतो. फुशारकीच्या जुन्या नोंदी बऱ्याचशा ह्या दुसऱ्या रीतीच्या. कातड्यावरून काढलेली लांबी तर सोडूनच द्या, ओलं कातडं ओढून ताणलं की फुटानं वाढतं. हाडाचं तसं होत नाही, म्हणून शिकारीच्या रेकॉर्डात पुढं कवटीची लांबी अधिक रुंदी हाच आधार धरायला लागले.

शेपूट वेगळी मोजा आणि वेगळीच लिहा. आणि शेवटच्या हाडापर्यंत, गोंड्याच्या केसांपर्यंत नाही.

खांद्याची उंची हा तर नुसता वादाचा विषय आहे. उभ्या सिंहाला टेप कोण लावणार? म्हणून आडव्या सिंहाचा पुढचा पाय सरळ करून तळव्यापासून खांद्याच्या वरच्या टोकापर्यंत घेतात. पण आडवं असताना पायावर अंगाचा भार नसतो, खांदा वर सरकलेला असतो, पाय जरा ओढला की अजून वाढतो. जिवंत उभा सिंह त्यापेक्षा बुटका भरणार. गीरच्या नराची खांद्याची उंची १०७ ते १२० सेंटीमीटर अशी दिलेली सापडते, तर ती कशी घेतली हे कळल्याशिवाय तेरा सेंटीमीटरच्या फरकावर भांडू नका.

कपड्याची टेप वापरायची नाही, शिंप्याची जुनी टेप ताणून ताणून कशी होते ते बायकोला विचारा. स्टीलची लवचिक घ्या. मोजणारे दोन, एकानं मोजलेलं दुसऱ्याला ऐकू जाऊ द्यायचं नाही.

पायरी ६: छातीचा घेर, आणि घेरावरून वजन

बैलाचं वजन टेपनं काढतात हे शेतकऱ्यांना माहीत असतं. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर, आणि खांद्याच्या टोकापासून मागच्या हाडापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १०८४०, सगळं सेंटीमीटरमध्ये, उत्तर किलोत. समजा घेर १८० आणि लांबी १५०, तर ४४८ किलो. मेव्हण्याच्या बैलाला लावून बघितलं, काट्याच्या दोन आकड्यांच्या मधेच कुठंतरी आलं.

आता घेर चुकून १८५ लिहिला तर? ४७३ किलो. पाच सेंटीमीटरच्या चुकीला पंचवीस किलो, कारण घेर दोनदा गुणला जातो. हे नीट लक्षात ठेवा.

सिंहाला हाच भागाकार लावता येत नाही, बैलाचा सांगाडा वेगळा आणि सिंहाचा वेगळा. आधी बरेच सिंह खरोखर तोलून, त्यांचे घेर घेऊन, त्यावरून सिंहाचं स्वतःचं गणित बसवावं लागतं, आणि अभ्यासकांनी तसं बसवलेलं आहे. पण चुकीचा गुणाकार तोच. ११२ च्या जागी ११५ घेर घेतला तर वजनात पाच टक्क्यांच्या वर फरक, म्हणजे १८० किलोच्या सिंहाला दहा किलो. आणि तीन सेंटीमीटर चुकायला काय लागतं? सिंहानं श्वास घेतला. टेप आयाळीवरून गेली. नराची आयाळ छातीपर्यंत येते, केस बाजूला करून टेप कातडीला टेकवायची, श्वास सोडल्यावर वाचायची, ओढायची नाही आणि ढिली पण सोडायची नाही. गीरच्या सिंहाची आयाळ विरळ असते, कान दिसतात, तिथं त्रास जरा कमी. आफ्रिकेतला दाट काळ्या आयाळीचा नर डोळ्यानं बघून कुणीही तीस-चाळीस किलो जास्तच सांगणार. आयाळीचं वजन म्हणाल तर पासंगाला पण पुरणार नाही.

पायरी ७: हात न लावता

फोटोवरून मोजतात. कॅमेऱ्याला दोन समांतर लेसर बसवतात, दोन्हीतलं अंतर ठरलेलं, ते दोन ठिपके जनावराच्या अंगावर पडले की फोटोत पट्टी ठेवल्यासारखं झालं, त्यावरून बाकीचं काढायचं. अट एवढीच की जनावर बरोबर आडवं उभं पाहिजे. २० अंश जरी वळून उभं असलं तरी १९० सेंटीमीटरचं अंग १७८ च भरतं. आणि लांबी-उंची मिळाली तरी वजन हा पुढचा अंदाजच, तोललेलं नव्हे.

ठशावरून पण अंदाज बांधतात पण मला त्यात दम वाटत नाही. ओडिशाच्या सरोज राज चौधरींनी १९६६ मध्ये वाघांची गणती पंज्याच्या ठशांवरून करायची पद्धत आणली, कित्येक वर्षं देशभर तीच चालली, मग २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात वाघच उरले नाहीत असं निघालं आणि कॅमेरा ट्रॅपकडं वळले. एकच पंजा ओल्या मातीत मोठा, कडक जमिनीवर लहान, चालताना वेगळा आणि पळताना वेगळा उमटतो. पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा असतो. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात तर कुत्र्याचा ठसा पण वाघासारखा पसरतो, आणि मग गावभर फोन.

मोबाईलच्या फोटोचं एक साधं गणित सांगतो, बिबट्या पकडल्याच्या फोटोत पण कामाला येतं. जनावर कॅमेऱ्यापासून दीड मीटरवर आणि माणूस त्याच्या मागं, कॅमेऱ्यापासून तीन मीटरवर बसला, तर फोटोत जनावर माणसाच्या मानानं बरोबर दुप्पट दिसतं. माणसाचा हात जनावराच्या अंगावर टेकलाय का ते बघा. टेकला नसेल तर पुढं वाचू नका.

पायरी ८: पावती

मी जी पावती मागत होतो ती अशी. तारीख, ठिकाण, नर का मादी, अंदाजे वय आणि ते कशावरून (दात बघितले का नाक बघितलं, सेरेंगेटीच्या सिंहांचं नाक वयाबरोबर काळं होत जातं असं दिसलंय), काटा कुठला आणि त्याची पायरी किती, रिकामं स्ट्रेचर किंवा पिंजरा किती, तीन वजनं, पोटाचा नंबर, लांबी खुंट्यांची का अंगावरून, शेपूट वेगळी, घेर, तब्येत, कशासाठी पकडलं, मोजणाऱ्याचं नाव. ह्यातलं पोट आणि काटा हे दोन नसतील तर बाकीचं असून नसल्यासारखं.

हात बसवायचा असेल तर घरच्या कुत्र्यावर करा. बाथरूमच्या काट्यावर आधी तुम्ही एकटे, मग कुत्रा उचलून, वजाबाकी. सकाळी उपाशी आणि रात्री जेवल्यावर, आठवडाभर. लांबी दोन्ही रीतीनं घ्या आणि घरातल्या दुसऱ्याला वेगळी घ्यायला सांगा. आमच्या मोत्याची लांबी माझी ९१ आली आणि पुतण्याची ९७, त्यानं टेप पाठीवरून नेली होती. घेराच्या वेळी मोत्या टेपच घेऊन पळाला.

तर पुतण्यानं हे सगळे प्रश्न त्या व्हिडिओवाल्याला पाठवले. काटा कुठला, पोट कसं होतं, लांबी कुठून कुठं. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, "भाऊ ३०० जास्त वाटत असेल तर २८० धरा."